आतडं जागं होईपर्यंत

अंबूबाईला पहिला संशय आला तो

पाण्याचा.

क्लोरोफॉर्मच्या भुलीतून डोळे उघडल्याबरोबर तिच्या नवऱ्यानं, भावकूनं, पाणी मागितलं. नर्सबाईनं दिलं नाही. तांब्या समोरच्या स्टुलावर भरलेला होता, तरी दिलं नाही. कापसाचा बोळा भिजवून तिनं त्याच्या ओठांवर फिरवला आणि अंबूबाईपुढं बोट नाचवलं. "नीर ब्याड. पाणी नाही द्यायचं. एक घोटसुद्धा नाही."

तिच्या गावी, जांबोटीत, मरायला टेकलेल्या माणसाला पाणी पाजतात. वैरी दारात आला तरी त्याला पाजतात. आणि इथं बेळगावात, एवढ्या मोठ्या इस्पितळात, पोट फाडून शिवलेल्या माणसाला थेंब नाही! वर त्याच्या मांडीत सुई खुपसून मिठाचं पाणी आत सोडत होते.

"मांडीनं कोण पाणी पितं वो?" तिनं विचारलं.

नर्सबाई हसली. अंबूबाईला ते हसणं आवडलं नाही.

भात झोडता झोडता नवऱ्याच्या पोटात कळ आली होती. पोट मडक्यासारखं फुगलं, हिरवं ओकायला लागला. वैदूनं डागून पाहिलं. शेवटी दिरानं गाडी जुंपली आणि गवतावर निजवून त्याला रानातल्या वाटेनं इथवर आणून सोडलं. आतड्याला पीळ बसलाय, आत्ताच कापायला हवं, असं डॉक्टर म्हणाला. कागदावर अंगठा तिनंच उठवला. वीतभर काळं पडलेलं आतडं काढून टाकलं आणि उरलेली दोन टोकं एकमेकांना शिवली, हेही डॉक्टरनंच सांगितलं. म्हणजे काढलं हे खरं. पण मग

तो तुकडा कुठं गेला?

"पुरला," झाडणारी बाई म्हणाली आणि इमारतीच्या मागं कुठंतरी हात केला. अंबूबाई जाऊन बघून आली. माती कुठंच उकरलेली नव्हती.

शेजारच्या खाटेवर वडगावचा विणकर यल्लाप्पा पाय मोडून पडला होता. हातांना काम नव्हतं, म्हणून तोंडाला फार होतं.

"आक्का, तुकडा घिऊन काय करणार? शिंक्यात ठेवणार?"

"माझ्या माणसाचा हाय त्यो."

"मग मालकास्नीच इचारा की. त्यास्नी तरी त्याची आठवण येतीया काय?"

भावकूला हसू आलं आणि टाके ताणले गेले. त्यानं घाईनं उशी पोटाशी दाबून धरली. हसताना, खोकताना असं करायचं, हे नर्सबाईनं शिकवलं होतं. "हसवू नगोस रं मर्दा," तो कळवळला.

आणि

ती नळी.

डॉक्टर सकाळी यायचा, नळीची टोकं कानांत घालायचा, दुसरं टोक भावकूच्या पोटावर टेकवून डोळे मिटून ऐकत राहायचा. दुसऱ्याच्या पोटातलं ऐकून ह्याला काय करायचंय? मग मान हलवायचा आणि चारचौघांत, बाईमाणसासमोर विचारायचा, "वारा सरला का?"

"न्हाय," भावकू भिंतीला सांगायचा. यल्लाप्पा चादरीत तोंड खुपसायचा.

एकदा अंबूबाईनं पदराआडून धीर केला. "डॉक्टरसाहेब, ह्ये इचारून तुमास्नी काय मिळतं वो?"

डॉक्टर चिडला नाही. खाटेच्या कडेला टेकला. "बाई, आतड्याला हात लागला की ते झोपतं. झोपलेल्या आतड्यात पाणी घातलं तर पुढं सरकत नाही. पोट फुगतं, उलटी होते, आतली शिवण ताणली जाते. ती उसवली तर मग माझ्या हातात काही उरणार नाही. जागं झालं की गुरगुरतं, वारा सरतो. मग चमच्यानं पाणी. ते पचलं तर पेजेचं वरचं पाणी. पुढं मऊ भात. तोवर दम धरा."

ऐकायला सगळं बरोबर होतं. म्हणूनच तिला ते खरं वाटेना. बैल विकायला आलेला माणूसही असंच सगळं बरोबर बोलतो.

ऊन खिडकीतून खाटेवर आलं होतं, तेव्हा भावकू एकाएकी म्हणाला,

"सरला."

"झालं! आता पाणी आणते," नर्सबाई म्हणाली आणि लगबगीनं गेली.

अंबूबाई खाटेला टेकून बसली होती, डोकं त्याच्या कमरेशी. सकाळी नळाशी जाऊन आली तेवढीच, नंतर हलली नव्हती. तिच्या कानावर काही आलं नव्हतं. यल्लाप्पाही गप्प होता. असला विषय निघूनही तो गप्प, म्हणजे त्यानंही काही ऐकलं नव्हतं. तिनं वळून पाहिलं. भावकू स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. लंगडी म्हैस धड आहे म्हणून बाजारात विकताना तो असाच अंगठ्याकडं बघत उभा होता. ती म्हैस त्यांना परत आणावी लागली होती.

पाण्याचा, तुकड्याचा, नळीचा, सगळे संशय उठले आणि ह्या एका माणसावर येऊन बसले.

"खरं सांगा."

"सरला म्हणतोय न्हवं?"

"माझ्याकडं बघून सांगा."

त्यानं बघितलं नाही. "सकाळी नळापाशी भिंत धरलीस तू. दारातनं दिसलं मला."

"मग?"

"आल्यापासनं पोटात काय घातलं न्हाईस. ह्या यल्लाप्पाच्या बायकूनं दिल्याली भाकरी पदरात बांधून बसलीयास. मी प्यालो तर तू खाशील. न्हायतर पडशील हितंच. मग तुला कोण बघायचं?"

लग्न होऊन आल्यापासून त्याच्या आधी अंबूबाईनं घास घेतला नव्हता. तो उठला की त्याच्याच ताटात ती बसायची. गावात साऱ्याच बसायच्या. त्यात विचार करायचं काय होतं? इथंही तिनं विचार केला नव्हता. तो उपाशी म्हणून ती उपाशी. आणि ती उपाशी म्हणून तो खोटं…

व्हरांड्यात नर्सबाईच्या चपला वाजल्या.

पदराची गाठ बोटांना सुटेना. तिनं दातांनी सोडली. भाकरी वाळून खापरीसारखी झाली होती. ती नवऱ्याच्या डोळ्यांसमोर फरशीवर मांडी घालून बसली आणि तुकडा मोडला.

"अगं!" भावकू म्हणाला.

"आक्का, वाईच चटणी देऊ का?" यल्लाप्पा म्हणाला.

"गप बसा दोघंबी."

घास तोंडात नुसता फिरत राहिला. सासू दारात उभी राहून बघतेय, असं वाटलं. सासूमागं सगळी जांबोटी. तिनं घास गिळला आणि दुसरा मोडला.

नर्सबाई भांडं घेऊन आत आली. अंबूबाई भरल्या तोंडानंच म्हणाली, "न्हाय सरला. खोटं बोलल्यात."

नर्सबाईनं भावकूकडं पाहिलं. तो अंगठ्याकडं बघत होता. तिनं भांडं परत नेलं. जाताना ती कानडीत काय म्हणाली, ते यल्लाप्पाला कळलं होतं, पण त्यानं सांगितलं नाही.

मग अंबूबाई रोज त्याच्यासमोर बसून खाऊ लागली. तोही बघत राहायचा. "चांगली भाजलीया का गं?" एकदा त्यानं विचारलं.

आणि मग

पुन्हा पाणी.

त्या सकाळी भावकूच्या पोटात आधी गुरगुर झाली. मग जे झालं, ते साऱ्या खाटांवर ऐकू गेलं.

"लोंढ्याची आगगाडी सुटली वो!" यल्लाप्पा ओरडला.

ह्या वेळी कुणाला काही विचारायची गरज नव्हती. तरी अंबूबाई म्हणाली, "डॉक्टरास्नी बोलवा. नळी लावू द्यात."

डॉक्टरनं ऐकलं. मग कानांतली नळी काढून तिच्यापुढं धरली. तिनं ती दोनदा उलटून पाहिली, पदर मागं सारला आणि कानांत घातली. आत चुलीवर पेज रटरटत होती.

नर्सबाईनं चमचाभर पाणी आणलं. भावकूनं तोंड उघडलं. अंबूबाईनं चमचा मधेच हातात घेतला, आधी स्वतः प्याली आणि पाणी जिभेवर घोळवून पाहिलं. मग चमचा पुन्हा भरून घेतला आणि त्याच्या तोंडाशी नेला.

"आता प्या."