पुराव्यांचा कागद

अक्षताचा भूगोलाचा पेपर सोमवारी होता आणि गुरुवारी संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, की धडा सात आणि धडा आठ कोणीतरी उडवलेत.

अक्षता आमच्याच सोसायटीत राहते, माझ्याच वर्गात आहे आणि तिला दिसत नाही. सहामाहीपर्यंत तिची आई तिला वाचून दाखवायची. पण त्यांना दुपारपाळी लागली, तेव्हा मी म्हटलं, मी वाचते. मी वाचायचं, कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचं, एमपीथ्री करून तिच्या अंगठ्याएवढ्या प्लेअरमध्ये भरायचं. सहा धडे तिच्याकडे पोचले होते. उरलेले चार तिने ऐकले नाहीत, तर पूर्वपरीक्षेत ती कोऱ्या डोक्याने बसणार होती. आणि तिला शब्द दिला होता मी.

कॉम्प्युटर सुदर्शनमामाचा. मामा अकोल्याहून आला, खराडीच्या एका कंपनीत लागला आणि चंदननगरला आमच्याकडेच राहतो. दोन वर्षांत तो आमच्यापेक्षा जास्त पुणेकर झालाय. बोलत नाही, पाट्या लावतो. ‘खुर्ची आत ढकलावी.’ ‘कीबोर्डवर चिवडा खाऊ नये. खाल्ल्यास दिसतो.’ त्या पाट्या मी कधीच्या वाचायच्या सोडल्या होत्या.

त्याच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स आहे. त्यात एमपीथ्री बनवणारा प्रोग्राम आयता येत नाही. त्याचं नाव लेम. दिवाळीच्या सुट्टीत मी त्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, नेटवरून उतरवला आणि सूचना वाचून वाचून तो मशीनवर बांधून बसवला. मामाने फक्त शेवटी रूटचा, म्हणजे मशीनवर काहीही करू देणारा, पासवर्ड टाकला, तोही मला तोंड फिरवायला लावून. मग मी स्वतः एक स्क्रिप्ट लिहिली: रेकॉर्डिंग घे, लेमकडून एमपीथ्री करून घे, मूळ रेकॉर्डिंग पुसून टाक. मूळ फाइल प्रचंड असते, दहा ठेवल्या की डिस्क भरते. सकाळी शाळेत निघताना मी स्क्रिप्ट चालू करायची, ती आपलं काय काय झालं ते लॉगच्या फाइलमध्ये लिहायची आणि मी दुपारी आले की धडा तयार. आमच्या अख्ख्या शाळेत हे कोणाला येत असेल तर सांगा.

तर मग धडे गेले कुठे? मी मॉनिटरवरची मामाची एक पाटी ओढून काढली आणि तिच्या कोऱ्या बाजूला पुरावे लिहायला घेतले.

‘एक. रूटचा पासवर्ड फक्त मामाला माहीत. दोन. धडा सहा चालू असताना मामा म्हणाला, “ही वाचतेय का गाडी पकडतेय?” तीन. मी रेकॉर्डिंग करताना टीव्ही बंद ठेवावा लागतो, मामाची मॅच जाते. चार. रविवारपासून वॉलपेपर बदललंय. का?’

आईला हळूच विचारलं, तर ती म्हणाली की तुझा मामा लहानपणी मांजरीलासुद्धा अहोजाहो करायचा. म्हणजे आई त्याच्या बाजूची. बाबांना मी विचारलंच नाही.

गुरुवारी धडा सात पुन्हा वाचला. शुक्रवारी सकाळी स्क्रिप्ट चालू केली आणि कीबोर्डवर पावडर भुरभुरवली, अगदी पातळ. दुपारी आले तर पावडर जशीच्या तशी आणि धडा गायब. मी लिहिलं, ‘पाच. मामा ऑफिसातून करतो. नेटवरून.’ शुक्रवारी तिसऱ्यांदा सात वाचला. शनिवारी सकाळी निघताना नेटची वायर काढून दप्तरात टाकली. दिवसभर वर्गात ती वही काढताना हाताला लागत होती.

धडा तरीही गेला.

जेवायला बसल्यावर मी बोललेच. म्हटलं, मामा, माझं वाचन आवडत नसेल तर तोंडावर सांग, पण अक्षताने तुझं काय केलंय? आणि कागदावरचे पाचही पुरावे वाचून दाखवले. आईचा डाव आमटीत तसाच राहिला.

मामाचं शुद्ध पुणेरी मराठी क्षणात अकोल्याला परतलं.

“मी काऊन पुसू वं तुझे धडे?”

मग हात धुऊन तो कॉम्प्युटरसमोर बसला.

“लॉग पाहिला?”

“नाही.”

“लिहायचा, पण वाचायचा नाही. छान.”

लॉग उघडला. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. चारही सकाळी तीच ओळ: लेम सापडला नाही. आणि तिच्याखाली: मूळ फाइल पुसली. एमपीथ्री झाली की नाही, हे माझी स्क्रिप्ट बघतच नव्हती. सांगितल्याप्रमाणे पुढचं काम करत होती. माझे धडे रोज मीच पुसून शाळेत जात होते.

“पण लेम गेला कुठे?” मी विचारलं. आवाज फार मोठा नव्हता.

मामाने माझ्या हातातला पुराव्यांचा कागद घेतला आणि उलटा करून परत दिला. त्याच्या टपोऱ्या अक्षरात होतं: ‘रविवारी नवी सिस्टीम टाकली आहे. सर्वांच्या फाइली सुरक्षित. आपापले प्रोग्राम आपण पुन्हा बसवावेत.’

बाबा म्हणाले, “पोळी गार होतेय.”

रविवारी सकाळी लेम पुन्हा बांधला. पासवर्डच्या वेळी मी न सांगता तोंड फिरवलं. स्क्रिप्ट बदलली: एमपीथ्री खरोखर झाली असेल तरच पूस. मग सात ते दहा वाचले, सलग. आईने मिक्सर लावला नाही. मध्ये पाणी प्यायला उठले तर आमच्या दारावर पाटी होती, ‘आत भूगोल चालू आहे. बेल वाजवू नये.’ माझा घसा बसत आला होता, त्यामुळे आपोआप हळू वाचत होते.

चारही फाइली आधी स्वतः ऐकल्या, मग चार वाजता अक्षताकडे गेले. तिने प्लेअर कानाला लावला आणि धडा सात सुरू केला.

“आता कळतंय,” ती म्हणाली. “पेपर झाला की पहिले सहापण असेच वाचून दे. ते गाडी पकडल्यासारखे आहेत.”

हे शब्द तिला मामानेच पढवलेत, असा मला दाट संशय आहे. पुरावा अजून मिळालेला नाही.