अडलेली गाय आणि थेटराव

तेच तण मी तिसऱ्यांदा उपटत होते.

पहिल्यांदा उपटलं ते तण होतं म्हणून. दुसऱ्यांदा उपटलं ते फोनवर ऊन येत होतं म्हणून. तिसऱ्यांदा आमचे धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, तेवढं परत मातीत खोचा आणि परत उपटा. तुमच्या चेहऱ्यावर कष्ट दिसत नाहीत."

मी म्हटलं, "भाऊजी, कष्ट हाताला असतात. तोंडाला असते ती नुसती भूक."

"हे छान बोललात. हेच परत बोला, फोनकडे बघून."

आता अशा माणसाला काय म्हणायचं? मी खुरपं उचललं आणि पुढच्या ओळीला गेले. वारा सुटलेला, कोरडी माती उडून दातांत करकरत होती, जमिनीला अशा भेगा की पायाचा अंगठा आत जावा. आणि मागं बांधावर भाऊजी त्या फोनला सांगत होते, "मंडळी, काय हा मातीचा सुगंध." सुगंध कसला, सगळी माती माझ्या नाकात गेली होती.

हे दीर आठ वर्षं शहरात होते. कापडाच्या दुकानात ठाण उलगडायचं आणि गिऱ्हाईक गेलं की परत घडी घालायची, हे काम. दुकान बसलं, तसे हे घरी आले. आम्हाला शेतात दोन पायांचा माणूस हवा होता, आला तो तीन पायांचा स्टँड काखेत मारून.

आधी ब्लॉग लिहायला लागले. म्हणजे मोबाईलवरच आपल्या मनातलं लिहायचं आणि जगाला वाचायला द्यायचं. मी सातवी शिकलेय, वाचता येतं मला. पहिलीच ओळ होती, 'पहाटे पाखरांच्या किलबिलाटानं मला जाग येते.' आता हे उठणार नऊ वाजता. तोवर पाखरं दोनदा चरून विसाव्याला गेलेली असतात. ते लिखाण चौघांनी वाचलं. त्यातला एक आमच्या ह्यांचा मावसभाऊ, आणि एक भाऊजी स्वतःच, दुसऱ्या नावानं.

मग म्हणाले, हल्ली वाचतंय कोण, लोकांना बघायला पाहिजे. मग फोटो. आमच्या ह्यांचा फाटका सदरा अंगात घालायचा, गालाला ओली माती फासायची आणि खांद्यावर फावडं घेऊन उभं राहायचं. तेही उलटं. फोटोखाली कुणीतरी विचारलं, 'दादा, फावड्यानं चुलीतली राख ओढता का?' तो फोटो काढून टाकला.

आणि शेवटी लाईव्ह. आपण इकडं बोलायचं, ते त्याच घटकेला लोकांना तिकडं दिसायचं. "नमस्कार मंडळी, थेट शेतातून, थेट मातीतून, थेट तुमच्या भेटीला." हे इतक्यांदा झालं की गावानं त्यांचं नावच थेटराव ठेवलं. त्यांना वाटलं, मान वाढला.

शेतात रेंज धड नव्हती. गोठा उंचवट्यावर, तिथं ती बरी यायची. म्हणून पंधरा दिवसांत थेटरावांचा मुक्काम गोठ्यातच हलला. गव्हाणीवर फोन लावायचा, समोर बसून शेतीवर बोलायचं. मागं आमची तांबडी गाय रवंथ करत उभी. ती गाभण होती, दिवस भरत आलेले. घरातली ती एकच गाय. तिचं पुढचं दूध बुडालं तर घरात चहा काळा आणि सासूबाईंचं तोंडही काळं.

ज्या दिवशी गाय व्यायला लागली, त्या दिवशी आमचे हे नेमके भाजी घेऊन तालुक्याच्या बाजारात गेलेले. सकाळी दहाला तिनं पाणमोट फोडली. मी म्हटलं, आता अर्ध्या तासात वासरू बाहेर. अकरा झाले. साडेअकरा झाले. ती उठायची, बसायची, कळ द्यायची, परत उठायची. बाहेर एक खूर आणि नाकाचा शेंडा दिसत होता, त्यापुढं काही नाही.

जनावरांच्या डॉक्टरला फोन केला. ते म्हणाले, "मी घाटापलीकडच्या गावात आहे, चारच्या आत यायला जमणार नाही."

सासूबाई गाईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "अगं, चारपर्यंत ही राहील का?"

मी थेटरावांना म्हटलं, "भाऊजी, मोटारसायकल काढा आणि डॉक्टरला घेऊन या."

"वहिनी, आत्ता साडेतीनशे लोक बघतायत." फोन कधीच गव्हाणीवर चढला होता. "एवढे आजवर कधीच नव्हते. आत्ता सोडून कसा जाऊ?"

साडेतीनशे लोक बघत होते, आणि हात लावायला आम्ही दोघी. मी मनात जे बोलले ते सांगण्यासारखं नाही.

सासूबाई म्हणाल्या, "दोरी लाव आणि ओढ. आमच्या वेळी असंच करायचे." मी त्या खुराला दोरी बांधली आणि दोघींनी ओढायला सुरुवात केली. गाय अशी हंबरली की मी दोरी सैल सोडली. आणि पलीकडं हे वाचून दाखवतायत, "मंडळींनी दोनशे लाल बदाम पाठवलेत. एक ताई लिहितात, किती निसर्गरम्य."

मी घाम पुसायला गव्हाणीशी गेले, तेव्हा पहिल्यांदा नीट त्या फोनकडं पाहिलं. खालून वर अक्षरं पळत होती. वा, छान, हात जोडलेले, बदाम. आणि मधूनमधून एकच ओळ, चुकीच्या अक्षरांत: 'वडु नका.' परत, 'वडु नका दुसरा पाय दुमडलाय.' परत, 'आदी आत ढकला.'

"हे कोण लिहितंय?" मी विचारलं.

"असतात रिकामटेकडे. आठ दिवस पिच्छा पुरवलाय, गाईला मोकळी जागा करा, गाईला मोकळी जागा करा. मी बदाम पाठवतो आणि सोडून देतो. आता बंदच करून टाकतो." आणि बोट पुढं केलं.

लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्या दिवशी केलं. म्हटलं, "हात लावलास त्या फोनला, तर दोरी तुझ्या गळ्यात बांधीन. विचार त्यांना, पुढं काय करायचं ते."

साडेतीनशे लोकांनी हे ऐकलं असणार. थेटरावांचा चेहरा पडला, पण विचारलं. तिकडून आलं, 'लिवता यत नाय. बोलु द्या.' त्या फोनमध्ये बघणाऱ्याला बोलूही देता येतं म्हणे. यांनी कुठलं तरी बटण दाबलं आणि गोठ्यात एका म्हातारीचा आवाज आला. खणखणीत.

"दोरी ढिली केली का?"

"केली, मावशी," मी म्हटलं.

"हात कोपरापर्यंत साबणानं धू. तेल असेल तर चोळ. गाय कळ देईल तेव्हा थांबायचं. कळ ओसरली की वासराच्या छातीला तळवा लावून मागं ढकलायचं. मागं सरलं की जागा होते. मग दुमडलेला गुडघा सापडेल."

मी हात घातला. आत किती गरम असतं आणि कळ आली की हात कसा चिरडतो, ते ज्याचं त्यालाच कळावं. सासूबाई गाईच्या तोंडाशी बसून तिच्याशी बोलत होत्या. मी ढकलत होते, थांबत होते, परत ढकलत होते.

"गुडघा लागला, मावशी."

"आता तसंच खाली जा. खूर सापडला की मुठीत झाकून घे, उघडा ठेवू नको, पिशवी फाडेल तो. मुठीत धरूनच पुढं आण. आणि तो बोलका कुठाय?"

"मी इथं आहे," थेटराव म्हणाले. "फोन धरलाय."

"फोन ठेव त्या गव्हाणीत आणि दोरी धर."

"पण मग दिसणार नाही ना लोकांना."

"गायीचं ढुंगण बघायला लोक कशाला पाहिजेत तुला? आणि बाळा, मी काय तुला बघत नव्हते इतके दिवस. तुझ्यामागं गाय दिसायची. मध्येमध्ये तूच यायचास."

यावर साडेतीनशे लोकांनी काय पाठवलं ते कळायला मार्ग नव्हता, कारण फोन आता गव्हाणीत आढ्याकडं तोंड करून पडला होता.

दुसरा खूर बाहेर आला. मावशी म्हणाली तसं दोन्ही पायांना दोरी लावली. गाय कळ देईल तेव्हाच ओढायचं, तेही खालच्या अंगाला. एका बाजूला मी, एका बाजूला थेटराव. त्यांचे हात कापडाच्या घड्या घालणारे, दुसऱ्याच ओढीला सालटं निघालं. "आई गं" म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "आई इथंच आहे, ओढ."

डोकं आलं, खांदे आले आणि पुढचं सगळं एकदम गवतावर. कालवड. पण हालेना. मावशीनं सांगितलं तसं नाका-तोंडातला चिकटा काढला, नाकपुडीत काडी घातली, पोत्यानं छाती खसाखसा चोळली. मी मोजत नव्हते, पण फार वेळ गेला. मग ती शिंकली.

तांबडी उठून चाटायला लागली. मी तशीच रक्तानं, शेणानं भरलेली खाली बसले आणि मला रडू आलं. फोनमधून मावशी म्हणत होती, "कालवड उठली का गं? वासरामागचा जार पडू दे आपोआप, ओढायचा नाही. ऐकतेस ना?"

मग मी तिची विचारपूस केली. चाळीस वर्षं तिनं दुसऱ्यांच्या गोठ्यात गाई राखल्या. आता गुडघे गेले, मुलानं शहरात नेलंय, चौथ्या मजल्यावर. तिथं खिडकीतून दुसरी खिडकी दिसते. नातवानं फोन दिला, तर ती त्यात गाई शोधत बसते. मी तिचा नंबर घेऊन गोठ्याच्या दारावर कोळशानं लिहून ठेवला. तेव्हापासून दुपारी आम्ही बोलतो. पहिला प्रश्न नेहमी गाईचाच, मग माझा.

आता पुढचं ऐका. दोन दिवसांनी गावातल्या वीटभट्टीवाल्याची बायको मला म्हणाली, "तुमच्या दिरानं कमाल केली हो." मला कळेना. तिनं फोन दाखवला. तीच गाय, तोच गोठा, पण मावशीचा आवाज नव्हता. मीही नव्हते. माझा कोपर होता एका ठिकाणी. वर गाणं लावलेलं आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'मी माझ्या गायीला मरणाच्या दारातून कसं परत आणलं.' चाळीस हजार लोकांनी बघितलेलं.

मी घरी येऊन विचारलं. थेटराव म्हणाले, "वहिनी, छोटं करावं लागतं. लोकांना धीर नसतो."

"मग मला आणि मावशीला कापलंत?"

"तुम्ही फार वेळ घेत होतात."

आमचे हे हसले. भाऊ आहे ना. मी हसले नाही.

आठ-दहा दिवस गेले. एका सकाळी वीटभट्टीवाला धापा टाकत सायकलवरून आला. मी अंगण झाडत होते. माझ्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. "थेटराव आहेत का? म्हैस अडलीय माझी. डॉक्टर फोन उचलत नाही. तुम्हीच चला आता, तुम्ही जाणकार."

थेटराव दात घासत होते. तोंडातला फेस तसाच राहिला. मला आत ओढून नेलं आणि हळूच म्हणाले, "वहिनी, तुम्ही चला ना. मी म्हणतो त्याला, की माझा हात दुखतोय."

मनात आलं, सरळ नाही म्हणावं. जाऊ दे याला एकट्याला, तोंडघशी पडू दे. पण त्यात म्हशीचा काय गुन्हा? मी दारावरचा नंबर लावत लावत निघाले.

भट्टीवर पोचलो. म्हैस आडवी, डोळे पांढरे. शेजारीपाजारी सगळे विटा भरायला गेलेले. वीटभट्टीवाल्यानं साबण, पाणी, तेल पुढं केलं, थेट थेटरावांच्या पुढं. मावशी फोनवर आली.

"कोण हात घालतंय गं? तूच ना?"

मी थेटरावांकडं पाहिलं. ते माझ्याकडं बघत होते, जनावर बघतं तसं. मी म्हटलं, "नाही मावशी, आज आमचे दीर. तू सांग, मी त्यांना नीट ऐकू येईल असा फोन धरते."

मग मी त्यांना म्हटलं, "भाऊजी, बाह्या वर करा."

अर्धा तास लागला. पहिल्या कळेला ते ओरडले, दुसरीला ओठ चावला, तिसरीनंतर मात्र गप्प झाले आणि मावशी सांगेल तसं करत राहिले. खांद्यापर्यंत आत. शेवटी रेडकू बाहेर पडलं, धडधाकट. म्हैसही उठली. थेटराव जमिनीवर फतकल घालून बसले. वीटभट्टीवाल्याची बायको म्हणाली, "याचा व्हिडिओ नाही काढलात?"

कुणीच काढला नव्हता. फोन माझ्या हातात होता आणि त्यात मावशी होती.

थेटराव म्हणाले, "राहू दे." आणि मावशीला म्हणाले, "मावशी, जार ओढायचा नाही ना?"

"नाही रे," ती म्हणाली. "शिकलास की."

अजूनही रोज सकाळी नऊला ते गोठ्यात बसतात आणि जगाला शेती शिकवतात. तो चाळीस हजारांचा व्हिडिओ अजून तसाच आहे, अजून लोक त्यावर हात जोडतात. त्यांची खोड जायची नाही, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. पण आता बसायच्या आधी ते गोठा झाडतात, गाईखालचं शेण काढतात, आणि स्टँड जरा बाजूला सरकवून लावतात. मावशीला गाय पूर्ण दिसली पाहिजे, असं तिनं बजावलंय.