समोरच्या टेकडीचं गाऱ्हाणं

कांदिवलीच्या दशरथ परबांनी एका रविवारी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, की परदेशी शांतिसेनेत गेलेल्या आमच्या सुयोगला सांभाळ म्हाराजा. बायको वनमाला आणि मुलगी निधी मागे उभ्या राहून "व्हय म्हाराजा" म्हणाल्या. कोकणातल्या गावची रीतच ती. मागून होकार आला नाही, तर देव आपण काही ऐकलंच नाही असं धरतो. त्याच दिवशी तिकडे सुयोगच्या कानाजवळून गोळी गेली, आणि नुसतीच गेली.

आईच्या पत्रातून गाऱ्हाण्याचं कळल्यावर सुयोगने हे तुकडीत सांगितलं आणि घोटाळा झाला. तिथे मोबाइलला बंदी, त्यामुळे वनमालाबाईंना पत्रं येऊ लागली. कुणी बिहारचा, कुणी पंजाबचा, मागणं एकच: माझंही नाव घाला. वनमालाबाई कुणाला नाही म्हणत नव्हत्या. नावं घेता घेता दशरथांचा चहा गार होई. शेजारच्या नंदकिशोरने मध्येच आपला दिंडोशी कोर्टातला दावा घुसवून पाहिला, तेव्हा दशरथ त्याच्यावर डाफरले, "हय फकत लढाईचीच नावां!"

नाव घातलेल्या एकालाही ओरखडा उठेना. मग एक पत्र इंग्रजीत आलं. निधीने ते मराठीत सांगितलं.

"मी तोमा. तुमच्या सुयोगच्या समोरच्या टेकडीवर असतो आणि त्याच्यावर गोळ्या झाडतो. त्याला एकही लागत नाही; का ते त्यानेच ओरडून सांगितलं, तुमचा पत्ताही दिला. आमच्यातलं मात्र रोज कुणीतरी जातं. हे काही बरं नाही. आमच्या टेकडीलाही घ्या."

"वैऱ्याक? याड लागला काय?" दशरथ कडाडले.

"त्याका आवस नाय?" वनमालाबाईंनी विचारलं.

आईचं नाव निघालं आणि दशरथ नरमले. रविवारी तोमाची अख्खी टेकडी गाऱ्हाण्यात जाऊन बसली.

महिन्याभराने सुयोगचं पत्र आलं. "आई, पार वाट लागली! दिवसभर दोन्हीकडून गोळीबार, आणि कुणाला काहीच होत नाही. संध्याकाळी सगळे धूळ झटकून जेवायला बसतात. कुणी हरत नाही, म्हणून लढाई संपत नाही, आणि लढाई संपल्याशिवाय साहेब रजा देत नाहीत. त्या टेकडीची नावं काढ ना. मला घरी यायचंय गं."

वनमालाबाईंचा जीव गलबलला. पोराला पाहून दोन वर्षं झाली होती. त्यांना सुयोग हवा होता. जगातल्या बाकीच्या टेकड्यांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. "काढा वो ती नावां," त्या म्हणाल्या.

रविवारी दशरथांनी आपल्या तुकडीची नावं घेतली, तोमाला वगळलं आणि हात जोडले. "सगळ्यांका सांभाळ म्हाराजा!"

मागून आवाजच आला नाही. निधी आईच्या तोंडाकडे बघत राहिली. तोमाची आई आत्ता काय करत असेल, हेच वनमालाबाईंच्या मनात येत होतं, आणि त्या स्वतःवरच चिडल्या होत्या.

"आई, म्हण ना! दादा येईल!"

"परत घाला गाऱ्हाणा," वनमालाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "त्याच्यासकट."

दशरथांनी मुकाट्याने पुन्हा सुरुवात केली. या वेळी "व्हय म्हाराजा" इतक्या जोरात आलं, की खाली पार्किंगमधलं कुत्रं भुंकायला लागलं.

दुपारी पोटभर रडून झाल्यावर वनमालाबाई पत्र लिहायला बसल्या. कोकणातल्या कुठल्याच आईने आजवर चाकरमानी मुलाला लिहिलं नसेल, ते त्यांनी लिहिलं: "बाबा सुयोग, यंदा गणपतीला येऊ नकोस."