न ओलांडलेला दोर

मी दोर बोलतोय. जयकुमारच्या बोटीचा, नांगराला बांधलेला. मनगटाएवढा जाड, एके काळी निळा, आता कुठलाच रंग न उरलेला. जन्म कारखान्यातला, पण तिथलं मला काही आठवत नाही. माझं खरं आयुष्य भाईंदरच्या खाडीत सुरू झालं. नांगर चिखलात रुतायचा आणि वारा कितीही ओढो, मी बोट धरून ठेवायचो. त्याबद्दल कुणी कधी शाबासकी दिली नाही. तुटलो असतो तर मात्र शिव्या नक्की मिळाल्या असत्या.

झिजलो तसा मला मोरवा गावातल्या घरी आणून अंगणात टाकलं. मांजर माझ्यावर ताणून द्यायचं. आता आपलं संपलं असं म्हणत होतो, तेवढ्यात जयकुमारच्या लेकीने, शिवांगीने, माझं एक टोक चिंचेला बांधलं आणि ती माझ्यावरून सरसर वर चढली. तिला एनडीएत जायचं होतं, नौदलात अधिकारी व्हायचं होतं. तिच्याच क्लासातला कौस्तुभ हाटकेशहून स्कूटरवर यायचा. त्याला मर्चंट नेव्हीचं वेड. तो दोन हात चढला की धापा टाकायचा आणि माझ्याकडे असा बघायचा की जणू चूक माझीच.

शिवांगीला चढण्यात तोड नव्हती. पण मी जमिनीवर पडलेलो असलो की ती मला वळसा घालून जायची. या घरात बाईने बोटीचा दोर ओलांडायचा नाही. ओलांडला तर दर्यावर गेलेल्या माणसावर संकट येतं, असं तिची आजी गोदूबाई मानते. आणि गोदूबाईपुढे तोंड उघडायची जयकुमारचीही छाती होत नाही. मी आजवर कुणाचं वाईट केलेलं नाही, पण मला विचारतो कोण!

लेखी परीक्षा पोरीने पहिल्या फटक्यात काढली. मुलाखत आणि मैदानी चाचण्यांना गेली आणि पडका चेहरा घेऊन परत आली. नापास का केलं ते तिथे सांगत नाहीत. पण तिने कौस्तुभला सांगितलं ते मी ऐकलं.

"मैदानात गुडघ्याएवढा दोर बांधलेला. सगळ्यांनी उडी मारली. माझे पायच थांबले रे. मी वाकून खालून गेले. ते म्हणाले, परत मागे जा, वरून या. माझ्यामुळे सगळा ग्रुप अडकला."

"अगं, रस्सी होती ती नुसती! बोट कुठे होती तिथे?"

"मला कळतं रे. पायांना नाही कळत."

तिने पुन्हा परीक्षा दिली, पुन्हा पास झाली, पुन्हा बोलावणं आलं. ही शेवटची संधी, पुढे वयात बसणार नव्हती. कौस्तुभने मला चिंच आणि विजेचा खांब यांच्यामध्ये गुडघ्याएवढा ताणून बांधलं. शिवांगी धावत यायची आणि माझ्यापाशी येऊन खिळायची. एवढा अपमान मला चिखलातही वाटला नव्हता. सोडा मला, खाली पडू द्या, असं ओरडावंसं वाटायचं.

निघायचा दिवस आला आणि घरावर वेगळंच सावट आलं. जयकुमारची बोट आदल्या दिवशीच परतायला हवी होती. वारा सुटला होता. वायरलेसवर उत्तर येत नव्हतं. बाकीच्या बोटी खाडीत लागल्या, त्यांनाही काही ठाऊक नव्हतं. कौस्तुभ तिला स्टेशनवर सोडायला आला, तर शिवांगी बॅग भरायचं सोडून ओट्यावर बसलेली.

"मी जात न्हाय," ती म्हणाली. "बाबा येईपर्यंत कुठंच जात न्हाय. आणि जाऊन तरी काय? तिथं परत थांबनारच मी."

गोदूबाई खाडीकडे बघत होती. ती उठली. अजून तसाच ताणलेल्या माझ्यापाशी आली. मला वाटलं, आता मला सोडून फेकून देणार. तिने लुगड्याचा काष्टा घट्ट केला, चिंचेला हात टेकला आणि एक पाय उचलला.

"आजी, नको!" शिवांगी किंचाळली. "बाबा दर्यावर हाय!"

"म्हाईत हाय. माझाच पोर हाय तो."

तिची टाच मला लागली. मग दुसरा पाय आला. म्हातारी पलीकडे उभी राहिली, तोंड पांढरंफटक.

"वलांडला. आता काय व्हायचा त्याचा दोष माझ्यावर. तू उडी मार नि जा."

शिवांगीने डोळे पुसले. मागे गेली, धावत आली. मी श्वास रोखला. तिचा पाय मला शिवलासुद्धा नाही.

ती गेली. गोदूबाई मात्र जागची हलली नाही. चिंचेला धरून उभीच. असली दुपार मी वादळातही काढली नव्हती. माझ्यामुळे काही झालं तर, हा विचार दोर असूनही मला सोडेना. उन्हं कलली तेव्हा खाडीकडून हाका आल्या. जयकुमारचं इंजिन बंद पडलं होतं, दुसऱ्या बोटीने त्याला ओढत आणलं. तो अंगणात शिरला तसं गोदूबाईने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग त्याच पाठीवर डोकं टेकून रडली.

शिवांगीचं नाव यादीत लागलं. आता ती एनडीएत आहे. मी पुन्हा अंगणात पडलोय, मांजर आहेच. जयकुमार दर्यावर गेला की गोदूबाई अजूनही मला वळसा घालून जाते. एकदा ओलांडला तो नातीसाठी, रोज छाती होत नाही, आणि मी तिच्यावर रागावतही नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. खाडीवर कधी जयकुमार भेटला तर यातलं अवाक्षरही त्याच्यापाशी काढू नका. म्हातारीने त्याला अजून सांगितलेलं नाही.