भागवतचं उदाहरण

भागवतचा डावा हात कोपराखाली नाही. बारावी झाल्यावर घरीच होता, तेव्हा तो हात कडबा कापायच्या यंत्रात गेला. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. जळकोटच्या दूध संकलन केंद्रावर त्याची नोकरी आहे, बायको-पोरगी आहे, आणि हात नसल्याची आठवण त्याला एरवी फारशी येत नाही. रविवारी मात्र यायची, कारण रविवारी वाचनालयात वाचनगट भरायचा.

गट नारायणराव गुरुजींनी सुरू केलेला. गुरुजी गावच्याच शाळेतून निवृत्त झालेले, मनानं उदार, आवाज अजून वर्गातलाच. दर महिन्याला ते एखादं प्रेरणादायी पुस्तक निवडायचे आणि ग्रंथपाल शामलाताई त्याच्या प्रती मागवायच्या. भागवतला वाचायचा नाद होता. न पटलेल्या पानांत तो कागदाचे कपटे घालून ठेवायचा, बोलताना सापडावीत म्हणून. पण बोलायची पाळीच येत नसे. चर्चा जरा रंगात आली की गुरुजी चष्मा काढून म्हणायचे, "इच्छाशक्ती पुस्तकात कशाला शोधायची? आपला भागवत बघा."

मग सगळे भागवतकडे बघायचे. एकदा तो नेटानं म्हणाला, "मला हे चौथं प्रकरण पटलं न्हाय." सगळ्यांनी आदरानं माना डोलावल्या. का पटलं नाही, हे कुणी विचारलं नाही.

गटाला वर्ष झालं तेव्हा गुरुजींनी त्याचा सत्कार ठरवला, त्याला न विचारता. वाचनालयाच्या दारावर त्याच्या फोटोचा फलक लागला. खाली लिहिलं होतं : 'संकटावर मात करणारा आपला भागवत'. फोटो मुद्दाम आखूड बाहीच्या शर्टातला शोधलेला.

"मात कसली केली म्या?" घरी आल्यावर तो बायकोला, अक्षदाला, म्हणाला. "रोज सकाळी दुधाचं फॅट मोजतो. ह्यात मात कुठं आली?"

"मग जाऊ नका."

"का जाऊ नको? वाचायला मला आवडतंय की."

"मग जावा. पण माझ्यापुढं कुरकुर करू नका. दर रविवारी तेच ऐकून माझे कान किटले."

तो गेला. शाल झाली, नारळ झाला. गुरुजी म्हणाले, "आता भागवत दोन शब्द बोलेल."

भागवत उठला. "ह्या महिन्याच्या पुस्तकात लिहिलंय, की प्रत्येक संकट काहीतरी देऊन जातं. म्या पुस्तक दोनदा वाचलं. माझा हात गेला, त्यातनं मला काय बी मिळालं न्हाय. हात असता तर बरं झालं असतं. पुस्तक चुकीचं हाय, एवढंच मला म्हणायचंय."

गुरुजींनी डोळे पुसले. "केवढा हा प्रामाणिकपणा," ते भरल्या आवाजात म्हणाले. "ह्याला म्हणतात धैर्य." आणि टाळ्या पडल्या.

भागवत मटकन खाली बसला. शाल त्याला टोचत होती. ह्या माणसांना शिव्या दिल्या तरी ती प्रेरणाच ठरली असती.

लोक चहाला बाहेर गेले तेव्हा तो शामलाताईंच्या टेबलापाशी आला. "ताई, माझं नाव कमी करा."

शामलाताईंनी चष्म्यावरून बघितलं. "करते. पण आधी सांगा, पुढच्या महिन्याला तुम्ही कोणतं पुस्तक घेतलं असतं?"

"ज्यात कुणी जिंकत न्हाय असलं कायतरी."

त्यांनी कपाटातून एक कादंबरी काढली. दोन भावांची, बांधावरून कोर्टात गेलेल्यांची. गुरुजींना त्या काय बोलल्या कोण जाणे, पण पुढच्या महिन्याला तीच लागली. नाव कमी करायचं राहून गेलं.

त्या रविवारी गुरुजी जरा नाराजच होते. "ह्यातून बोध काय घ्यायचा?" त्यांनी विचारलं. सवयीनं त्यांची नजर भागवतकडे वळली, पण ह्या गोष्टीशी त्याला जोडायला काही सापडेना.

भागवत म्हणाला, "थोरल्याचं बरोबर हाय. धाकटा नुसता हेकट."

"काही पण काय," मंजुषा म्हणाली. ती तहसील कार्यालयात कारकून होती आणि वर्षभर गटात क्वचितच बोललेली. "नीट वाचलंय का तुम्ही? जमिनीची मोजणी थोरल्यानंच अडवली. आमच्याकडं असले रोज येतात."

"वाचलंय. सगळं वाचलंय."

"मग समजलेलं नाही तुम्हाला."

इथं आजवर भागवतला कुणी चूक म्हटलं नव्हतं. त्याला राग आला, चांगलाच आला, आणि त्या रागात तो खुर्ची पुढं ओढून, पुस्तक गुडघ्यावर दाबून, भराभर पानं उलटायला लागला.

"थांबा," तो म्हणाला. "दाखवतोच तुम्हाला."