अर्थिंगचा बोल्ट

माझ्या सुनेने गाडीतली वाजायची सगळी सामग्री स्वतः बसवली. पुढच्या दारांत स्पीकर, डिकीत सबवूफरचा खोका आणि त्याच्या शेजारी अँप्लिफायर. तीन दिवस ती अर्धी गाडीत, अर्धी बाहेर होती. बॅटरीपासून डिकीपर्यंतची जाड वायर तिने मॅटखालून अशी नेली की कुठे फुगवटा दिसेना. बुधवारी संध्याकाळी गाणं लावलं तेव्हा माझ्या कपातला चहा थरथरला. मी उभा जन्म गाड्या रंगवण्यात घालवला, पण गाडीचं दार असं घुमताना कधी ऐकलं नव्हतं.

हे सगळं हौसेपोटी नव्हतं. बाजारातल्या ऑडिओच्या दुकानात फिटिंगच्या टेबलावर माणूस हवा होता. दुकानाचा मालक माझ्या मुलाचा शाळेपासूनचा दोस्त. सुनेने त्याला विचारलं, तर तो हसला.

"वहिनी, आधी स्वतःची गाडी वाजवून दाखवा. शनिवारी दहाला आणा. वाजली तर सोमवारपासून टेबल तुमचं."

दुसऱ्या कुणाला त्याने अशी अट घातली असती का? त्याचा आधीचा फिटर तर स्क्रू उलटा फिरवायचा. पण सून म्हणाली, "घालू दे अट. वाजतेच आहे गाडी."

आणि शुक्रवारी सकाळी गाडी वाजेना. हळू आवाजात सगळं ठीक, पण जरा आवाज वाढवून ढोलाचा ठोका आला की गप्प. अँप्लिफायरवर लाल दिवा लागायचा, थोड्या वेळाने तो आपणहून सुरू व्हायचा, पुढच्या ठोक्याला पुन्हा बंद. सुनेने फ्यूज बदलला. एकेका स्पीकरची वायर काढून पाहिली. सबवूफर सोडवून बाजूला ठेवला, दारांचे पत्रे पुन्हा उघडले. जेवायलाही आली नाही.

मुलगा दारात उभा राहून म्हणाला, "तुझा अँप लाजाळू दिसतोय. जरा मोठ्याने गा म्हटलं की गप्प बसतो."

"तुला घरातला बल्ब बदलता येत नाही," मी म्हणालो. "तू नको बोलूस."

"अहो बाबा, गंमत केली."

"तिचे हात सोलून निघालेत आणि तुला गंमत सुचते?"

तो आत गेला. सून डिकीतूनच म्हणाली, "बाबा, तुम्ही नका चिडू. कुठेतरी माझंच चुकलंय. सापडत नाही एवढंच."

ते 'माझंच' ऐकून मी आणखी चिडलो.

शनिवारी दहाला आम्ही दुकानासमोर. मालकाने गाणं लावलं, आवाज वाढवला, दोन ठोके ऐकले आणि अँप्लिफायर बंद पडला. टेबलापाशी बसलेले दोघे फिस्सकन हसले. मालकाने डिकीत नुसतं डोकं घातलं, कशाला बोटही लावलं नाही.

"जळालं. घरच्या फिटिंगचं असंच होतं, वहिनी. सगळं उपसून नवीन टाकावं लागेल."

त्या दुकानात प्रत्येक गाडीची चिठ्ठी खिळ्याला लावतात. कुठली गाडी, काय बिघाड, कशामुळे. येणारा-जाणारा ती वाचतो. मालकाने लिहिलं आणि चिठ्ठी खिळ्याला टोचली. मी जवळ जाऊन वाचली. अक्षरं मला उशिरा आली, म्हणून कुठलंही लिहिलेलं मी पुरतं वाचतो. 'अँप जळाला. कारण : चुकीचं घरगुती फिटिंग.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मीटर लावलंत का? हात तरी लावलात का?"

"काका, वीस वर्षं हेच करतोय. आवाजावरून कळतं."

"मी चाळीस वर्षं रंग दिला, पण गाडी न बघता कधी रंग सांगितला नाही!"

ते दोघे पुन्हा हसले. सून मात्र हसली नाही, रडलीही नाही. तिने पिशवीतून स्वतःचं मीटर काढलं.

"इंजिन चालू ठेवा," ती मालकाला म्हणाली. "आणि मी सांगेन तेव्हा आवाज वाढवा. एवढं तर कराल?"

मालक नाइलाजाने पुढच्या सीटवर बसला. तिने मीटरच्या दोन टोकांनी अँप्लिफायरला मिळणारं व्होल्टेज मोजलं. आवाज वाढला की आकडा धाडकन खाली. मग त्यातलं काळं टोक काढून तिने डिकीच्या कुलपाच्या उघड्या लोखंडाला लावलं. आता आकडा जागचा हलेना.

"जळालं काही नाही," ती म्हणाली. "अर्थिंग नीट नाही, करंट पत्र्यातून परत जात नाही. पण असं कसं होईल? पत्रा मी स्वतः घासला होता. लख्ख केला होता. म्हणून तर काल तिथे बघितलंच नाही."

अँप्लिफायरची काळी वायर डिकीच्या तळाला एका बोल्टने पत्र्याला जोडलेली होती. तिने गालिचा उचलला, बोल्ट काढला. खाली गुळगुळीत, चकचकीत राखाडी रंग. त्यातून करंट पुरता जाईना.

तो रंग मी ओळखला.

गुरुवारी ती घरात नव्हती. मी डिकीत वायरी बघायला म्हणून डोकावलो, तर गालिच्याच्या कडेला बोल्टाभोवती पत्रा उघडा दिसला. उघडा पत्रा मला बघवत नाही. गंज धरतो. मी बोल्ट काढला, प्रायमर दिला, वर दोन हात रंगाचे, वाळल्यावर बोल्ट पुन्हा पिळला. रंग असा जुळवला होता की माझं मलाच कौतुक वाटलं. कुणाला सांगायचं सुचलंही नाही.

"हे मी केलं," मी म्हणालो.

मालक गाडीतून उतरला. "काका, राहू द्या. सुनेला पाठीशी घालताय ते समजतंय आम्हाला."

एवढा वेळ मी चुकीचा रागावलो होतो, पण आता बरोबर रागावलो. चूकही माझी मला मिळू नये?

"त्या रंगाखाली फिका पिवळा प्रायमर आहे," मी म्हणालो. "खरवडा आणि बघा. नसला तर मी खोटा."

टेबलावरची कानस मीच उचलली आणि घासली. राखाडी गेला, खाली पिवळा, त्याखाली लोखंड. सुनेने माझ्या हातातून कानस काढून घेतली.

"बाबा, विचारायचं तरी होतंत," ती हळू आवाजात म्हणाली. "काल दिवसभर मी स्वतःला शिव्या घातल्या."

तिने पत्रा लख्ख केला, बोल्ट आवळला, गाणं लावलं. आवाज पुरा वाढवला. मालकाच्या दुकानाची पाटी खडखडू लागली, हसणाऱ्या दोघांपैकी एकाने कानात बोटं घातली. लाल दिवा लागला नाही.

"बरं, वाजली," मालक म्हणाला. "सोमवारी नऊला या, वहिनी. सासऱ्यांना मात्र घरी ठेवा."

"आधी चिठ्ठी बदला," सून म्हणाली.

"जाऊ द्या हो. कोण वाचतंय?"

"सगळे वाचतात. म्हणून तर तिथे लावता."

मालक हसत गल्ल्याकडे वळला. तो काही बदलणार नव्हता. मी चिठ्ठी खिळ्यावरून काढली, त्याच्या खिशातलं पेन मागितलं आणि त्याची ओळ खोडली. खाली लिहायला मला बराच वेळ लागला. कुणी हसलं नाही; हसलं असलं तरी मी वर पाहिलं नाही. 'अँप चांगला. फिटिंग चांगलं. कारण : सासऱ्याने न विचारता रंग लावला. मालकाने न मोजता सांगितलं.'

"काका, शेवटची ओळ कशाला?" मालकाचा चेहरा उतरला.

"दोन्ही कारणं खरी आहेत," मी म्हणालो आणि चिठ्ठी परत खिळ्याला टोचली.

सुनेने गाडी काढली. घरापर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. गाणं मात्र तिने बंद केलं नाही.