कॉन्ट्रॅक्टरचे गुडघे

आपल्यापैकी बहुतेकांच्या कपाटात विम्याची एक फाईल असते. ती आपल्या मागे कुणीतरी उघडायची असते, म्हणून आपण जिवंतपणी वाचत नाही. लेव्हलशेठच्या घरीही तशी एक होती. हे नाव त्यांना त्यांच्या सपाटी तपासायच्या लेव्हलवरून पडलं होतं. बसवलेल्या प्रत्येक फरशीवर ते लेव्हल ठेवत आणि काचेतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत हातातली रबरी हातोडी सोडत नसत. पंचवीस वर्षं हेच काम. माणूस कामाला चोख, पण स्वतःला फरशीवाला म्हणवून घ्यायची भारी लाज. कार्डावर 'कॉन्ट्रॅक्टर', मुलीच्या कॉलेजच्या अर्जावरही 'कॉन्ट्रॅक्टर'. हाताखाली माणसं किती, तर एकही नाही.

त्या सुट्टीच्या सकाळी त्यांचे विमा एजंट असलेले धाकटे साडू नव्या विम्याचा फॉर्म घेऊन आले होते. आजाराने किंवा अपघाताने काम बंद पडलं, तर दरमहा ठरलेली रक्कम घरी येईल, असा हा विमा. विषय बायकोनेच काढला होता. ती एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची. तिच्या पगारात किराणा भागायचा. घरभाडं आणि मुलीची फी मात्र शेठच्या गुडघ्यांवर उभी होती.

"दादा, व्यवसाय काय लिहू?" साडूंनी विचारलं.

"कॉन्ट्रॅक्टर. त्यात विचारायचं काय?"

"बरंच झालं. बसून काम करणाऱ्यांना हप्ता कमी असतो." साडूंनी लिहून टाकलं. "गुडघे, कंबर, कसला त्रास?"

"छे. एकदम ठणठणीत."

भाजी निवडत बसलेली बायको हात पुसत जवळ आली. "भावोजी, 'काम करता येत नाही' म्हणजे नेमकं कुठलं काम?"

"फॉर्मवर लिहिलंय ते, ताई."

"म्हणजे उद्या हे अंथरुणाला खिळले, तर कंपनी म्हणणार, कॉन्ट्रॅक्टरला फोनवर तर बोलता येतं ना?"

साडूंचं पेन थांबलं. "म्हणू शकते," ते हळूच म्हणाले.

"शुभ बोल नाऱ्या," शेठनी हसण्यावारी नेलं.

बायको हसली नाही. "आमच्याकडे एक रंगारी येतात. हात खांद्याच्या वर जात नाही त्यांचा. फॉर्मवर ऐटीत 'सजावट सल्लागार' लिहिलं होतं. कंपनीने कळवलं, सल्ला द्यायला खांदा लागत नाही. आता ते त्याच खांद्याने भिंती रंगवतात आणि आम्ही त्याच खांद्याला शेक देतो."

शेठ चिडले. "मग काय, फरशीवाला लिहू? सगळा जन्म लोकांच्या पायाशी बसून काढला. निदान कागदावर तरी मला खुर्चीत बसू दे."

ते ऐकून बायकोला वाईट वाटलं. ती कोपऱ्यातली लेव्हल घेऊन आली आणि खोलीच्या मधोमध जमिनीवर ठेवली. घर भाड्याचं असलं तरी ती फरशी शेठनीच बसवली होती.

"बघा बरं, बुडबुडा कुठंय?"

लेव्हल दिसली की शेठना बुडबुडा पाहिल्याशिवाय राहवत नसे. ते सवयीने खाली बसले, वाकून पाहिलं. "मधोमध. मी बसवलेली आहे."

"आणि नसता आला मधोमध? गिऱ्हाइकाला घाई आहे म्हणून तशीच पुढची फरशी लावली असती?"

"कधीच नाही."

"मग या फॉर्मवर वाकडी फरशी का लावताय?"

शेठ उत्तर द्यायला उठू लागले. पण उठता येईना! एक हात जमिनीवर, दुसरा टेबलाच्या कडेला, मधेच थांबून दम घेतला, तेव्हा कुठे ते उभे राहिले. साडू आणि बायको दोघंही बघत होते. शेठनी मान खाली घातली.

"खोडा ते," ते म्हणाले. "फरशी बसवणारा कारागीर लिहा. आणि गुडघे दोन वर्षांपासून दुखतात, तेही लिहा."

"दादा, हप्ता वाढेल. गुडघे तर कंपनी कदाचित वगळेलच."

"वगळू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची असते खरी, पण कंपनी ती उघडायला लावणारच. पाठ आहे, हात आहेत, डोळे आहेत. त्यांचा विमा तरी खरा ठरू दे."

"गुडघ्यांचं मी बघते," बायको म्हणाली. "उद्यापासून दवाखान्यात यायचं, आणि कामावर पॅड बांधायचे. भावोजी, 'कुठलंही काम करता येत नसेल तरच' असं कलम नको. 'स्वतःचं काम' करता आलं नाही तरी पैसे मिळतील, असंच हवं."

हप्ता आवाक्यात आणायला त्यांनी एक तडजोड केली. काम बंद पडलं तर पैसे पहिल्या महिन्यापासून न घेता चौथ्यापासून घ्यायचे. आधीचे तीन महिने बचतीवर काढायचे. साडूंनी सगळा फॉर्म मोठ्याने वाचून दाखवला, मग शेठनी सही केली.

वाचकहो, आपण मेल्यावर घराचं काय, याचा विचार आपण करतो. जगलो पण काम करू शकलो नाही तर काय, हे विचारायला कचरतो. ते विचारा, आणि उत्तर लिहिताना हुद्दा मिरवू नका. आपलं घर ज्या हातापायांवर चालतं, त्यांचंच नाव कागदावर लागलं पाहिजे.

पुढच्या वर्षी मुलीने कॉलेजचा अर्ज पुढे केला आणि म्हणाली, "बाबा, व्यवसायाच्या जागी नेहमीचंच लिहू ना?"

"दे इकडे," शेठ म्हणाले. चष्मा लावून त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'फरशी कारागीर', आणि ओळ सरळ आली का ते एकदा नीट पाहून घेतलं.